एक जीबी

रेवनाथनं तो बर्डीच्या फुटपाथवरून आणला,
अकराशे म्हणता म्हणता साडेसातशेला.
खोक्यावर एक गोरी बाई कानात वायर घालून हसत होती,
आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरांत
त्याला काय काय येतं ते लिहिलेलं.
गाणी येतात, पिक्चर येतो, रेडिओ येतो.
पुस्तकही येतं म्हणे, पण एका वेळी पाच ओळी,
आणि मराठी आलं की नुसते चौकोन.

पडदा काडीपेटीएवढा.
बघायचं म्हणजे एकानं बघायचं
आणि बाकी तिघांनी त्याच्या तोंडाकडं.
ब्रह्मपुरीच्या कॅफेवाल्यानं तीन गाणी
त्याच्या मापाची करून दिली,
रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून, तीस रुपये.
नाचणारे इतके बारीक झाले
की मायनं विचारलं, हे कोनाच्या घरचे लेकरं होत?

रेडिओ फक्त तलावाच्या पाळीवर लागायचा,
तोही वायर बेशरमाच्या झुडपावर टाकली तर.
बाजूला होल्ड नावाची एक पट्टी होती,
ती सरकवली की कोणतंच बटण ऐकायचं नाही.
बाबांच्या मते तशी एक रेवनाथलाही होती.

आवाज भरायची सोय चुकून सापडली.
रोवणीच्या दिवसांत तो माझ्या खिशात होता
आणि पट्टी सरकवायची राहिली.
परे वाहताना वाकलो असेन, दाबलं गेलं असेल.
संध्याकाळी बघतो तर एक तास बावन्न मिनिटं:
चिखलातून पाय उपसणं,
खिशाचं घासणं, धुऱ्यावर कोणाचं तरी खोकणं,
आणि भागरताबाई,
सोळा बायांना एका रांगेत मागं मागं नेणारी मुकादम:
"ओ सुमित्रे, रांग सोडू नोको!
हातात परे हायेत का मेंदी?"

रात्री ती हजेरीची वही घेऊन आली
तेव्हा एक बोंडी तिच्या कानात दिली.
ती ऐकत राहिली, पदर ओठांवर.
म्हटलं, मावशी, ओळखला का आवाज?
"नाही ओळखन त का?
हे त माही माय होय."

नाही वो, तुम्हीच आहात. आजच्याच.

"माहा आवाज मले ठाऊक नाही का?"

ठाऊक होता, पण आतून, हाडांमधून.
बाहेरून तिनं तो ऐकला होता
तो दुसऱ्याच बाईच्या तोंडून,
बांधीच्या त्या टोकावरून,
आठ वर्षांची असताना.

ए-बी नावाचं एक बटण होतं.
ए म्हणजे इथून, बी म्हणजे इथवर,
तेवढंच परत परत.
मी तिला लावून दिलं, सुमित्रेपासून मेंदीपर्यंत.
सात-आठ वेळा ऐकून म्हणाली,
"समोर सरकव ना.
माहं नाव घेत असन कुठंतरी."

एक तास बावन्न मिनिटांत ते नव्हतं.
आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं,
एक बोंडी तिच्या कानात, एक माझ्या,
वही तशीच उघडी.

बॅटरी पार उतरली की त्याचं घड्याळ उडायचं
आणि दर वेळी तो म्हणायचा,
एक जानेवारी दोन हजार.
फाइलवरही तीच तारीख.
भागरताबाईची माय गेली
दोन हजार एकमध्ये, मोहफुलं वेचायच्या दिवसांत.
जानेवारीत आमच्याकडं रोवणी नसते, हे मलाही कळतं.
पण यंत्रानं लिहून दिलं होतं.

दिवाळीत रेवनाथला अख्खा पिक्चर भरायचा होता
आणि जागा उरली नव्हती.
ही लांबलचक कशाची आहे, उडवू का?
म्हटलं, तुझी ती नाचणारी लेकरं उडव.
बराच वेळ कुरकुरला, मग उडवली.

घड्याळ कसं लावतात ते मला येत होतं.
कोणी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.